एक दगड कमी

नूरूझच्या आदल्या दिवशी
तू दारातच बोललीस, बुरुल, बूट न काढता.
अत-बाशीत तेव्हा मार्चचा बर्फ होता, काळपट,
गोवऱ्यांचा धूर त्यावर बसलेला.
म्हणालीस, गहू त्यानं दिला,
मग मागणं दगडापाशी का मागता?
आणि तो आर्चाचा धूर
लेकरांच्या डोक्याभोवती फिरवता,
ते तर आपल्यातलं नाहीच.

आपल्यातलं.
हा शब्द तू बिश्केकहून आणलास,
नव्या रुमालासारखा, घडी न मोडलेला.

मीही काही कमी नाही. फटकन बोलले:
तुझा भाऊ तापानं फणफणला होता,
तेव्हा आर्चाची फांदी
कुणाच्या अंगणातून नेली होतीस?
तू गप्प राहिलीस.
हनुवटीखालची गाठ सोडून पुन्हा बांधलीस,
होती तशीच घट्ट.
तुझ्या पावलांखाली बर्फ करकरत गेला
आणि माझी जीभ मला चुलीत घालावीशी वाटली.

आई म्हणाली, गव्हाला मोड आलेत,
ते तुमचं भांडण मिटायची वाट बघणार नाहीत.

चीक काढला. पीठ, तेल, पाणी.
नदीवरचे सात दगड, गुळगुळीत,
कढईच्या तळाशी सोडले, म्हणजे सुमोलोक करपत नाही.
आईचं म्हणणं एवढंच.
वाटीत दगड आला की मनात काही मागायचं,
हे मागाहून कुणीतरी जोडलं असेल
पेंगणाऱ्या मुलांना जागं ठेवायला.
रात्रभर ढवळायचं. थांबलं की लागलं.
बायका पाळ्या लावतात, एकीला दोन गाणी.
नववीत असताना आपण एकच पाळी घ्यायचो,
एका दांड्याला चार हात
आणि झूमागुलच्या नवऱ्याच्या नकला.

तीन वाजता सगळ्या पेंगल्या.
आईचा खांदा भरून आला.
फाटक वाजलं.
तू.
म्हणालीस, झोप येत नव्हती, नमाजाला वेळ आहे अजून.
म्हणालीस, ढवळणं हे नुसतं कामच तर आहे.
आईनं दांडा दिला, विचारलं काही नाही.
मी गोवऱ्या सारल्या.
तळाशी दगड आपसात बोलत होते, टक्, टक्,
जाड पांघरुणाखालून बोलावं तसे.
तू मान फिरवलीस, हात थांबवला नाहीस.
माफीचा शब्द दोनदा तोंडात आला, दोनदा गिळला;
शेवटी म्हणाले, चहा घेशील? मीठ कमी घातलंय.
तू म्हणालीस, दे.

उजाडताना आई तव्यात जळती आर्चा घेऊन निघाली,
अलास, अलास पुटपुटत,
एकेकीच्या डोक्यावरून.
तुझ्यापाशी आली, थबकली,
तुला वळसा घालून कोंबड्यांकडे गेली.
वर्षभराची पीडा कोंबड्यांची टळली म्हणायची.
तू हसलीस की धुरानं खोकलीस,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुपारी तुझ्याकडे बरणी नेली,
चमच्यानं तळापर्यंत चाचपून,
दगड नाही ना, दगड नाही ना.
तुझ्या एर्केआयनं दारातच बोट बुडवून चाटलं.
तू तिच्यावर ओरडली नाहीस.
चार दिवसांनी बरणी परत आली,
रिकामी कशी द्यायची म्हणून जर्दाळू भरून.

आई दगड धुऊन चुलीमागे वाळत घालते.
या खेपेला सहाच.
तिनं दोनदा मोजले. माझ्याकडे पाहिलं.
मी जर्दाळू परातीत ओतले, बोटांनी पसरले,
एकेक सुरकुती उलटून पाहिली.

नदीवरचा बर्फ फुटलाय,
दुसरा आणता येईल, आई म्हणाली.
म्हटलं, राहू दे.
सहावरही नाही करपायचं.